ढाल, भाला आणि प्रोबस: चिलखती छबीची रोमन नाणी जमवायला सुरुवात कशी करावी

रोमन नाणी जमवायची ठरवली की बहुतेक नवखे आधी सम्राटांची यादी करतात. ऑगस्टसचं एक, नीरोचं एक, ट्रेजनचं एक. चार-पाच नावं झाली की पैसे संपतात आणि पेटीतल्या नाण्यांचा एकमेकांशी काही संबंधही नसतो. माझा आग्रह वेगळा आहे. सम्राट एकच धरा आणि त्याच्या छबी जमवा. शिवराई जमवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' एवढीच अक्षरं, पण कुठे वेलांटी ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे टिंब जास्त, आणि तेवढ्यावर माणूस आयुष्यभर रमतो. तीच नजर इथे लावायची आहे, फक्त अक्षरांच्या जागी शिरस्त्राण, ढाल आणि भाला.

या कामासाठी सम्राट प्रोबससारखा दुसरा नाही. इ. स. २७६ ते २८२ एवढीच त्याची कारकीर्द. जन्म सिर्मियमचा, म्हणजे आजच्या सर्बियातल्या स्रेम्स्का मित्रोव्हित्साचा. पक्का शिपाईगडी, फौजेतून वर चढलेला. त्याच्या टांकसाळींनी सहा वर्षांत त्याची जितक्या प्रकारची छबी काढली, तितकी विविधता दुसऱ्या सम्राटाच्या रोजच्या चलनात शोधून सापडणार नाही. शिवाय ही नाणी मुबलक आहेत. तिसऱ्या शतकातली नाणी मडक्यांत भरून पुरलेली आजही युरोपात सापडतात. २०१० साली इंग्लंडमधल्या फ्रोम गावाजवळ एका मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, ती याच शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणून सतराशे वर्षांपूर्वीचं चांगलं नाणं साध्या नोकरदाराला परवडतं.

आता पायऱ्या.

पहिली पायरी: एक साधं नाणं हातात घ्या

चिलखत-ढालीचं नाणं लगेच घेऊ नका. आधी प्रोबसचं सगळ्यात साध्या छबीचं नाणं घ्या: तोंड उजवीकडे, डोक्यावर किरणांचा मुकुट, अंगात चिलखत. स्वस्त असतं आणि पुढच्या प्रत्येक नाण्याशी ताडून पाहायला घरात एक अस्सल नमुना राहतो.

या नाण्याला संग्राहक अँटोनिनियानस म्हणतात. वजन साधारण ४ ग्रॅम, व्यास २१ ते २३ मिलिमीटर. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, एवढी दोन साधनं घ्या, बाकी काही लागत नाही. नाणं कडेला धरा, खाली मऊ कापड असू द्या.

भिंगातून खोलगट जागा पाहा. अक्षरांच्या बेचक्यात, कानामागे, कुठेतरी चांदीचा पातळ थर चिकटलेला दिसेल. सम्राट ऑरेलियनने २७४ च्या सुमारास चलन सुधारलं तेव्हापासून ही नाणी अशी पाडली जात: आत तांबं आणि त्यात पाचेक टक्के चांदी, वरून चांदीचा मुलामा. मागच्या बाजूला तळाशी बहुधा 'एक्स एक्स आय' ही रोमन अक्षरं असतात. म्हणजे एकवीस नव्हे, वीसास एक. वीस भाग तांबं, एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ लावला जातो. नाणं बाजारात आलं तेव्हा पूर्ण पांढरंशुभ्र चमकत होतं, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे पाहा. आजचा तपकिरी-हिरवा रंग जमिनीने दिलेला आहे.

दुसरी पायरी: छबी वाचायला शिका

इथे घाई करू नका. सगळी गंमत इथेच आहे.

नाण्यावरच्या छातीपर्यंतच्या चित्राला संग्राहक 'बस्ट' म्हणतात. ती वाचताना मी नेहमी एकच क्रम धरतो: तोंड कुठे, डोक्यावर काय, अंगात काय, हातात काय.

तोंड. साध्या नाण्यावर सम्राट उजवीकडे पाहतो. शस्त्रधारी सम्राट बहुतेक वेळा डावीकडे पाहतो. स्वतः आरशासमोर उभे राहा, डाव्या हातात ताट धरा, उजव्या हातात झाडूची काठी खांद्यावर टाका आणि मग तुमची डावी बाजू आरशाकडे येईल असे वळा. ताट पुढे येतं आणि पूर्ण दिसतं, काठी मागच्या खांद्यावरून डोकावते. डावीकडे तोंड केलं की ढालीला नाण्यावर अशी ऐसपैस जागा मिळते, आणि ढालीवर कोरीव काम करता येतं.

डोकं. किरणांचा मुकुट या नाण्यावर जवळपास नेहमी असतो, ती त्या चलनाची खूण आहे. पण प्रोबसच्या कोरणाऱ्यांनी शिरस्त्राण चढवलं तरी किरणं सोडली नाहीत. शिरस्त्राणाच्या कडेवरूनच किरणांची टोकं वर निघतात. पहिल्यांदा पाहताना हे विचित्र वाटतं. चांगल्या प्रतीच्या नाण्यावर शिरस्त्राणाचा गालपट्टाही नीट दिसतो.

अंग. तीन गोष्टी ओळखता आल्या की पुरे. एक, नुसतं चिलखत: खांद्यावर चामड्याच्या पट्ट्यांची झालर दिसते. दुसरी, चिलखतावर सेनापतीचा झगा: खांद्यापाशी गोल पिन आणि तिथून खाली घड्या. तिसरी, भरजरी राजवस्त्र: छातीवर आडवा-तिरपा रुंद पट्टा आणि त्यावर नक्षी किंवा ठिपके. हे राजवस्त्र कॉन्सलच्या, म्हणजे रोममधल्या सर्वोच्च वार्षिक पदाचं. प्रोबस २७७, २७८, २७९, २८१ आणि २८२ असा पाच वेळा कॉन्सल झाला, आणि राजवस्त्रातल्या छबीत तो मान मिरवलेला आहे.

हात. भाला खांद्यावर टाकलेला आहे की पुढे रोखलेला? ढाल आहे का? राजवस्त्र असेल तर हातात गरुड बसवलेला राजदंड आहे का? क्वचित हातात विजयदेवतेची छोटी मूर्ती किंवा पृथ्वीगोल. क्वचित छातीवर मेड्युसाचं, म्हणजे ग्रीक कथांतल्या सापांच्या केसांच्या राक्षसीचं, मुंडकं असलेलं कातडं.

आणि ढालीवर काय आहे ते बघायला विसरू नका. एक गोष्ट मी कधीही विसरणार नाही. आजच्या क्रोएशियातल्या सिसियाच्या टांकसाळीतलं एक नाणं, नखाएवढ्या ढालीवर घोडेस्वार, आणि घोड्याच्या पुढच्या पायांखाली पडलेला माणूस. ही ढाल जेमतेम आठ मिलिमीटरची. कोरणाऱ्याने लोखंडी ठशावर ते चित्र उलटं कोरलं होतं. मी भिंग धरून दहा मिनिटं तशीच काढली आणि त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

ग्रंथांत या छबींना अक्षरं दिलेली आहेत. रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या मोठ्या सूचीचा प्रोबसवरचा खंड १९३३ साली पर्सी वेब यांनी केला. त्यात 'एफ' म्हणजे चिलखतातली साधी छबी, 'जी' म्हणजे शिरस्त्राण, भाला आणि ढाल घेतलेली डावीकडची छबी, 'एच' म्हणजे राजवस्त्र आणि गरुडदंड. विक्रेतेही हीच अक्षरं वापरतात. 'एफ', 'जी' आणि 'एच' ही तीन नाणी शेजारी शेजारी ठेवता आली की तुमच्या संग्रहाला तोंडवळा आला असं समजा.

सम्राटाला असं शस्त्रांनी सजवून का दाखवायचं, हा प्रश्न पडेलच. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत रोमला वीसहून जास्त सम्राट झाले आणि त्यांतले बहुतेक फौजेने बसवले, फौजेनेच मारले. नाणी पगारातून शिपायांच्या हातात पडत. त्यांना दिसायला हवा होता तो त्यांच्यातलाच एक, अंगात चिलखत घातलेला. प्रोबसने जर्मन टोळ्यांना हाकललं, २८१ मध्ये रोममध्ये विजययात्रा काढली. पुढच्याच वर्षी सिर्मियमजवळ त्याच्याच शिपायांनी त्याला ठार मारलं. शांततेच्या दिवसांत त्याने त्यांना दलदलीतले चर खणायला लावलं म्हणून ते चिडले, असं जुने इतिहासकार सांगतात. ढाल-भाला घेतलेलं त्याचं नाणं हातात धरताना मला दरवेळी ते चर आठवतात.

तिसरी पायरी: टांकसाळ ओळखा

एकच छबी वेगवेगळ्या गावी वेगळी दिसते. प्रोबसची मुख्य टांकसाळं अशी: रोम, टिचिनम म्हणजे आजचं पाविया, लुग्दुनम म्हणजे फ्रान्समधलं लिऑन, सिसिया म्हणजे क्रोएशियातलं सिसाक, सर्डिका म्हणजे बल्गेरियातलं सोफिया, आणि आजच्या तुर्कीतली सिझिकस आणि अँटिओक. सुशोभित छबींसाठी सिसिया आणि सर्डिका यांच्यापासून सुरुवात करा. सर्डिकात तर सम्राटाचं बिरुदही भलतंच मोठं: एका नाण्यावर 'देव आणि स्वामी प्रोबस' असं चक्क लिहिलेलं आहे. सिसियाच्या काही नाण्यांवर नेहमीच्या नावाच्या जागी 'व्हिर्टुस प्रोबी आउग' म्हणजे 'सम्राट प्रोबसचा पराक्रम' हे शब्द चेहऱ्याभोवती येतात, आणि त्या शब्दांना साजेशी छबीही बहुधा शस्त्रधारीच असते.

टांकसाळीची खूण मागच्या बाजूला तळाशी किंवा मोकळ्या जागेत असते. रोमच्या नाण्यांवर आर अक्षर आणि सोबत विजेचं, चंद्रकोरीचं किंवा चांदणीचं चिन्ह येतं, मग कारखान्याचं अक्षर. एकेका टांकसाळीत अनेक कारखाने असत आणि प्रत्येकाला क्रमांक.

इथेच एक सुंदर कोडं आहे. टिचिनमच्या सहा कारखान्यांनी एका काळात नाण्यांवर एकेक जादा अक्षर घातलं. ती सहा अक्षरं ओळीने मांडली की 'इक्विटी' शब्द होतो. रोमच्या सात कारखान्यांची अक्षरं मांडली तर 'एक्विटी'. एक्विटियस हे प्रोबसचं टोपणनाव असावं, असं अभ्यासक मानतात. सहा नाणी जमवून तो शब्द पूर्ण करणं हे नवख्यासाठी उत्तम ध्येय आहे. खर्च आटोक्यात, आणि कधी संपणार हे माहीत असतं. माझी 'टी' अजून मिळायची आहे.

नाण्याची ओळख पटवायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची 'ओसीआरई' ही मोफत ऑनलाइन सूची वापरा. सम्राट, टांकसाळ आणि अक्षरं टाकून शोध घेता येतो आणि संग्रहालयांतल्या नाण्यांचे फोटो समोर येतात.

चौथी पायरी: खरेदी

प्रोबसच्या काळातली अशी नाणी आपल्याकडे जमिनीतून सहसा निघत नाहीत. भारतात सापडलेली रोमन नाणी मुख्यतः दक्षिणेतली, आणि तीही बहुतांश ऑगस्टस आणि टायबेरियसच्या काळातली चांदीची व सोन्याची. म्हणून कुणी 'शेतात सापडलं' म्हणून ढाल-भाल्याचं नाणं दाखवलं तर हात आखडता घ्या. आणि खरंच काही सापडलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो माल घेऊ नका, विकू नका.

म्हणजे खरेदी बाहेरच्या विक्रेत्याकडून. फोटो बघताना पुढच्या गोष्टी तपासा.

शस्त्रांची टोकं. भाल्याचं टोक, शिरस्त्राणाचा वरचा भाग आणि दंडावरचा गरुड हे नाण्याच्या अगदी कडेला येतात. नाण्याची चकती ठशापेक्षा छोटी पडली की हेच कापलं जातं. गरुड नसलेला गरुडदंड पुढे आयुष्यभर सलतो. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चित्र पूर्ण बसलेलं नाणं घ्या.

झीज सारखी आहे का. नाणं झिजलं असेल तर सगळीकडून झिजतं. सम्राटाचे केस आणि गाल सपाट, पण ढालीवरचा घोडेस्वार मात्र धारदार? मग कुणीतरी अलीकडे सुईने तो घोडेस्वार कोरून काढला आहे. शस्त्रधारी छबीत ही लबाडी सगळ्यात जास्त होते, कारण ढालीवरच्या चित्राला भाव मिळतो. माझ्याकडे असं एक नाणं आहे. फोटोत ढाल पाहून मी वेडावलो आणि बाकी काही पाहिलं नाही. घरी आल्यावर भिंगातून घोड्याच्या पायांभोवती बारीक खाचा दिसल्या, आणि त्या खाचांत जुना हिरवा थर नव्हता, ताज्या तांब्याचा लालसर रंग होता. ते नाणं मी टाकलेलं नाही. नव्या मित्रांना दाखवायला पेटीत ठेवलं आहे.

ओतीव बनावट. खरं नाणं ठशावर घाव घालून पाडलेलं असतं, म्हणून त्याचा पृष्ठभाग घट्ट आणि अक्षरांच्या बाजू सरळ उभ्या. ओतलेल्यावर बारीक छिद्रं, साबणासारख्या गुळगुळीत कडा, आणि कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा. दोन विक्रेत्यांकडे एकच ओरखडा, एकच खड्डा असलेली दोन नाणी दिसली तर दोन्ही एका साच्यातली. वजन फार कमी-जास्त असेल तर कारण विचारा.

न साफ केलेल्या नाण्यांचे ढीग स्वस्तात मिळतात. माझा सल्ला, घेऊ नका. बऱ्याचदा ते धातुशोधक यंत्र घेऊन रातोरात खणलेले असतात, कुठून आले याची नोंद नसते. जुन्या संग्रहातलं, कागद असलेलं नाणं थोडं महाग पडतं, पण त्याच्याबद्दल पुढची पिढीही नीट बोलू शकते.

आता आपल्या इथल्या कायद्याची बाब, कारण नवखे इथे हमखास अडकतात. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, मग ते कुठल्याही देशाचं असो. ती देशाबाहेर पाठवायला सामान्य माणसाला परवानगी नाही. म्हणजे परदेशातून मागवलेलं नाणं एकदा घरी आलं की पसंत पडलं नाही म्हणून पोस्टाने परत पाठवता येत नाही. वर सांगितलेलं कोरलेलं नाणं माझ्याकडे राहिलं ते याच कारणाने. तेव्हा 'पंधरा दिवसांत परतावा' या आश्वासनावर विसंबू नका, सगळे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा आणि कडेचे, तिरप्या उजेडातले फोटो मागवा. आयातीवर किती शुल्क पडेल ते सीमाशुल्क दलालाकडून आधीच विचारून घ्या. विक्रेत्याला बिलावर नाण्याचा काळ, धातू, वजन आणि खरी किंमत लिहायला सांगा.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एवढंच: सुट्टीत घरी येताना संग्रह दाखवायला आणलात, तर परत नेताना हाच कायदा आडवा येतो. नाणी तिथेच ठेवा, फोटो आणा.

पाचवी पायरी: जपणूक

कोकण, गोवा, मुंबईची हवा तांब्याच्या जुन्या नाण्याला घातक आहे. मातीतले क्षार नाण्याच्या आत दबा धरून असतात आणि दमट हवेत जागे होतात. मग फिकट हिरवी, पिठासारखी पूड वर येते. टोकदार लाकडी काडीने खरवडली की ती सुटते आणि खाली खड्डा दिसतो. संग्राहक याला ब्राँझ डिसीझ म्हणतात. गडद हिरवा, काळा किंवा तपकिरी कठीण थर मात्र निरोगी आहे. तो नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावायचा नाही.

पूड दिसली की ते नाणं लगेच वेगळं करा. काडीने पूड काढा, डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी दर काही दिवसांनी बदला, असे काही आठवडे. नंतर पूर्ण कोरडं करून महिनाभर लक्ष ठेवा. चिंच, लिंबू, भांडी घासायची पूड, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. देवघरातली तांब्याची भांडी घासायची आपल्याला सवय असते, आणि त्या सवयीने नाण्याचा जीव जातो. चांदीचा उरलासुरला मुलामा तर एका घासण्यात जातो.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. जूनच्या सुरुवातीला नव्या घाला. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणं ठेवू नका, काही वर्षांत चिकट हिरवा थर येतो. मायलार प्लास्टिकची कडक पाकिटं किंवा गोल कप्प्यांचा ट्रे चालतो.

सहावी पायरी: डोळा तयार करा

खरेदीपेक्षा जास्त वेळ पाहण्यात घालवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाणेदालन आहे. दोन्हीकडे भर अर्थात भारतीय नाण्यांवर, पण ठसा, चकती, झीज म्हणजे काय हे कुठल्याही खऱ्या नाण्यासमोर उभं राहूनच कळतं. लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियमचं ६८ क्रमांकाचं, नाण्यांचं आणि पैशाचं दालन चुकवू नका.

प्रोबसवर हात बसला की पुढचा रस्ता आपोआप दिसतो. सम्राट कॉन्स्टंटाइनची ३१८ ते ३२० च्या आसपासची नाणी, उंच तुऱ्याचं शिरस्त्राण घातलेली, मागे दोन विजयदेवता वेदीवर ढाल धरून उभ्या. त्याचा मुलगा क्रिस्पस, जर्मनीतल्या ट्रायरच्या टांकसाळीतला, भाला-ढालीसह. ३६१ ते ३६३ मधला दाढीवाला ज्युलियन, तोही शिरस्त्राण, भाला, ढाल घेऊन. ही नाणीही आवाक्यातली आहेत, पण आकाराने लहान, म्हणून डोळा आधी प्रोबसच्या मोठ्या चकतीवर तयार झालेला बरा.

शेवटची पायरी: नोंद

प्रत्येक नाण्याची चिठ्ठी त्याच दिवशी लिहा. आठवणीवर सोडू नका, दहा नाणी झाली की सगळे प्रोबस सारखेच वाटायला लागतात. माझी एक चिठ्ठी जशीच्या तशी देतो:

प्रोबस. अँटोनिनियानस. सिसिया. ३.९१ ग्रॅम, २२ मिमी. दर्शनी बाजू: डावीकडे तोंड, किरणांचा मुकुट, राजवस्त्र, उजव्या हातात गरुडदंड, गरुड पूर्ण आहे, फक्त उजव्या पंखाचं टोक कडेबाहेर. मागची बाजू: अजिंक्य सूर्यदेव चार घोड्यांच्या रथात, समोरून; तळाशी एक्स एक्स आय. चांदी: सूर्याच्या हाताखाली आणि घोड्यांच्या मानांमध्ये. झीज: सम्राटाच्या कानावर थोडी, वस्त्राच्या पट्ट्यावरचे ठिपके मोजता येतात, अकरा. जुन्या जर्मन संग्रहातून, बिल सोबत. पावसाळ्यानंतर तपासलं, पूड नाही.